हॉक माउंटन : विकत घेतलेल्या डोंगरधारेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात, ॲपलेशियन पर्वतरांगेच्या पूर्व कडेने, किटाटिनी ही डोंगरधार जवळपास सलग तीनशे किलोमीटर गेलेली आहे. हॉक माउंटन हा तिच्यावरचाच एक डोंगर. शरद ऋतूत वायव्येचे वारे या धारेवर आडवे आदळून वर चढतात; कोकणकड्याच्या टोकाशी उभे राहिल्यावर खालून येणारा वारा अंगावर येतो, तसाच हा प्रकार. त्या वाऱ्यावर फारसे पंख न हलवता दक्षिणेकडे जाता येत असल्याने उत्तरेकडून निघालेले ससाणे, शिक्र्यांचे भाईबंद आणि गरुड धार सोडत नाहीत, आणि कधी कधी तर माथ्यावरच्या माणसाच्या नजरेखालून जातात.

हीच सोय त्यांच्या जिवावर उठली. शिकारी पक्षी कोंबड्या आणि शिकारीयोग्य पाखरे फस्त करतात, असा त्या काळी सर्वत्र समज होता. राज्याच्या गेम कमिशनने, म्हणजे शिकारीचे नियमन करणाऱ्या सरकारी खात्याने, १९२९ मध्ये गोशॉक (शिक्र्याच्या कुळातला मोठा शिकारी पक्षी) मारणाऱ्यास ५ डॉलरचे इनाम जाहीर केले. उडता गोशॉक ओळखण्याची तसदी अर्थातच कोणी घेतली नाही. समोर येईल तो पक्षी पाडला जाऊ लागला. रिचर्ड पो या तरुण पक्षिनिरीक्षकाने १९३२ मध्ये हॉक माउंटनवर पडलेली कलेवरे गोळा करून ओळीने मांडली आणि त्यांची छायाचित्रे घेतली.

ती पाहून रोझली एज पुढे सरसावल्या. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत तयार झालेल्या या बाईंनी त्याआधीच प्रस्थापित पक्षिसंघटनांशी उघड वैर पत्करले होते. शिकारी पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा हाताशी नव्हता; १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्यातही त्यांना जागा नव्हती. तेव्हा एज यांनी जमिनीच्या मालकीचा आधार घेतला. १९३४ मध्ये त्यांनी सुमारे १,४०० एकर डोंगर ५०० डॉलर देऊन भाडेपट्ट्याने घेतला, पुढे तो विकतही घेतला आणि १९३८ मध्ये तिथल्या अभयारण्याचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे सोपवला. पक्ष्यांना कायदा राखत नसला, तरी बंदूक घेऊन दुसऱ्याच्या जमिनीत शिरता येत नाही, एवढ्याच सरळ हिशेबावर गोळीबार थांबला.

राखणीसाठी नेमलेले मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांनी स्थानिक शिकाऱ्यांचा रोष झेलला. अर्मा प्रवेशवाटेवर उभ्या राहून शिकाऱ्यांना अडवत, तर मॉरिस माथ्यावरच्या खडकांत बसून पक्षी मोजत. १९३४ मध्ये सुरू झालेली ही नोंद दुसऱ्या महायुद्धातील खंड सोडला, तर आजही चालू आहे. आणि माझ्या मते गोळीबार थांबवण्याइतकेच तिचे मोल आहे. १९३५ ते १९३९ या काळात दिसलेल्या बाल्ड ईगल गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते, १९५५ ते १९५९ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर आले होते. गरुड दिसत होते, पण त्यांची पिढी वाढत नव्हती. लेखिका रेचेल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात डीडीटी या कीटकनाशकाविरुद्ध हेच आकडे मांडले. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी आली आणि त्याच वर्षी स्थलांतरित पक्षी कायद्याचे संरक्षण शिकारी पक्ष्यांनाही मिळाले.

आज अभयारण्य अडीच हजार एकरांच्या आसपास असले, तरी पूर्ण धारेच्या मानाने तो एक तुकडाच आहे. उरलेल्या धारेवर खासगी जमिनी बऱ्याच असल्याने घरे, गोदामे आणि रस्ते यांचा दाब वाढतो आहे. मात्र तिच्या माथ्याचे मोठमोठे पट्टे सार्वजनिक राखीव क्षेत्रांत आहेत, आणि त्यांपैकी अनेक त्याच गेम कमिशनच्या ताब्यात आहेत.