पेशीपटल, परासरण आणि बेदाणा

सजीव पेशीतील जीवद्रव्याला बाहेरच्या माध्यमापासून वेगळे ठेवणाऱ्या आणि पदार्थांची ये-जा निवडकपणे होऊ देणाऱ्या पातळ आवरणाला पेशीपटल किंवा प्रद्रव्यपटल म्हणतात. या पटलातून पाण्याचे रेणू कमी संहत द्रावणाकडून अधिक संहत द्रावणाकडे जातात, त्या क्रियेला परासरण म्हणतात. आणि पेशीत चालणाऱ्या रासायनिक अभिक्रियांचा वेग वाढवणारे पदार्थ, बहुधा प्रथिने, म्हणजे विकरे. माध्यमिक शाळेच्या विज्ञानात पेशीरचना, परासरण आणि विकरे हे तीन विषय बहुधा तीन वेगवेगळ्या पाठांत येतात, पण त्यांना जोडणारा दुवा एकच आहे, तो म्हणजे पटल. सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील शेती व शेतमाल प्रक्रियेत या दुव्याची उदाहरणे इतकी ठळक आहेत की त्यांच्या आधारे हा सर्व भाग समजून घेता येतो.

पेशी हा शब्दप्रयोग रॉबर्ट हूक यांच्या 1665 मधील बुचाच्या निरीक्षणातून रूढ झाला. मात्र त्यांना दिसलेली घरे मृत पेशींच्या रिकाम्या भित्तिकांची होती. पटल त्यांना दिसले नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकातून ते आजही स्वतंत्रपणे दिसत नाही, कारण त्याची जाडी सुमारे 7 ते 8 नॅनोमीटर इतकीच असते. वनस्पतिपेशीत सेल्युलोजची पेशीभित्तिका बाहेर आणि पटल तिच्या आत असते. विद्यार्थी या दोहोंची गल्लत वारंवार करतात. भित्तिका पेशीला आकार व आधार देते, पण पाण्यात विरघळलेले बहुतेक लहान रेणू तिच्यातून विनासायास जातात. निवड करण्याचे काम पटलाचे आहे. पेशीच्या आतही पटलांनी वेढलेली अंगके असतात: केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्गी पिंड, लयकारिका आणि वनस्पतिपेशीचा मोठा भाग व्यापणारी रिक्तिका.

पटल मेदाच्या दोन थरांचे असते, हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी 1925 मध्ये तांबड्या रक्तपेशींवरील अभ्यासातून मांडले. सिंगर आणि निकोल्सन यांनी 1972 मध्ये मांडलेल्या प्रवाही मोझाइक प्रतिकृतीनुसार या द्विस्तरात प्रथिने रुतलेली असतात आणि ती जागच्या जागी खिळलेली नसून सरकू शकतात. मेदाच्या थरातून ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड सहज पार होतात. साखर आणि क्षारांचे आयन यांना मात्र प्रथिनांच्या वाटेनेच जावे लागते. पाण्यालाही अशा खास वाटा असतात. पीटर अ‍ॅग्रे यांनी 1992 मध्ये पाण्याच्या वाहिनीचे काम करणारे प्रथिन ओळखले आणि त्याबद्दल त्यांना 2003 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

परासरणाचे पहिले नोंदलेले निरीक्षण 1748 मधील असून ते फ्रान्समधील झाँ-आंत्वान नोले यांचे आहे. डुकराच्या मूत्राशयाच्या पडद्याने बंद केलेले मद्यार्काचे भांडे त्यांनी पाण्यात ठेवले, तेव्हा पाणी आत शिरून पडदा फुगला. विल्हेल्म फेफर यांनी 1877 मध्ये कृत्रिम पटल वापरून परासरणी दाब, म्हणजे परासरणाने आत शिरू पाहणारे पाणी थोपवण्यास लागणारा दाब, मोजला आणि व्हान्ट हॉफ यांनी त्या मोजमापांना गणिती नियमात बसवले. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 मध्ये त्यांनाच मिळाले. हा दाब किती मोठा असतो याची कल्पना द्राक्षावरून येते. लिटरमागे 200 ग्रॅम साखर असलेल्या पिकलेल्या मण्याच्या रसाचा परासरणी दाब व्हान्ट हॉफ यांच्या नियमाने सुमारे 27 वातावरणे, म्हणजे जवळजवळ समुद्राच्या पाण्याइतका येतो. तासगाव, मिरज, कवठे महांकाळ या भागांत काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात, त्यामागे हेच कारण आहे. सालीवर साचलेले पाणी आणि मुळांनी ओढलेले पाणी गोड गराकडे खेचले जाते, आतील दाब वाढतो आणि ताणलेली साल फाटते. साखर भरण्यापूर्वीच्या हिरव्या मण्यांना त्याच पावसाने हा धोका बराच कमी असतो.

परासरण शिकवताना सर्वत्र केला जाणारा प्रयोग बेदाण्याचा आहे. बेदाणे साध्या पाण्यात टाकले की फुगतात आणि फुगलेले बेदाणे साखरेच्या दाट पाकात टाकले की पुन्हा आक्रसतात. पहिल्या बदलाला अंतःपरासरण आणि दुसऱ्याला बहिःपरासरण म्हणतात. पाणी हे येथे अवपरासारी, म्हणजे आतील रसापेक्षा कमी संहत, आणि पाक हे अतिपरासारी, म्हणजे अधिक संहत, द्रावण होय. प्रयोग सोपा आहे आणि ज्या सांगली जिल्ह्याच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे तेथे साहित्यही घरचेच असते. तरीही त्याचा अर्थ लावताना काळजी घ्यायला हवी. बेदाणे भिजवलेले पाणी काही तासांनी चाखून पाहिले तर ते गोड लागते. सजीव पेशीचे पटल शाबूत असते तर साखर अशी सहजी बाहेर आली नसती. वाळताना मण्यातील पेशी मरतात आणि त्यांची पटले फाटतात. बेदाणा फुगतो तो साल व भित्तिकांच्या आड अडकलेल्या साखरेमुळे आणि वाळलेल्या द्रव्याने पाणी शोषून घेतल्यामुळे. म्हणजे पाण्याची दिशा या प्रयोगात बरोबर दिसते, परंतु निवडक्षम सजीव पटल त्यात उरलेले नसते. म्हणून या प्रयोगावर थांबू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

सजीव पटल पाहायचे तर लाल कांद्याची जांभळी साल घ्यावी. कांद्याच्या मांसल पापुद्र्याच्या बाहेरच्या बाजूचा जांभळा पातळ पदर सोलून काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला की विटांच्या भिंतीसारख्या रचलेल्या पेशी दिसतात आणि प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी असते, कारण तो रंग रिक्तिकेतील रसात विरघळलेला असतो. आता आच्छादक काचेच्या एका कडेला मिठाच्या दाट पाण्याचा थेंब सोडून दुसऱ्या कडेने टिपकागदाने पाणी ओढून घ्यावे. काही मिनिटांतच जांभळा भाग कोपऱ्यांपासून सुटू लागतो, आक्रसत जातो, गडद होतो, आणि त्याच्याभोवती भित्तिकेची रिकामी रंगहीन चौकट उरते. यास रससंकोच म्हणतात. भित्तिका आणि पटल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे डोळ्यांना दिसते. शिवाय रंग त्या मोकळ्या जागेत पाझरत नाही, यावरून पटल पाण्याला वाट देते आणि रंगद्रव्याला अडवते हेही कळते. लगेच साधे पाणी सोडल्यास पेशी पुन्हा भरते. उकळत्या पाण्यातून काढलेल्या सालीवर हाच प्रयोग केला तर काहीच घडत नाही, कारण पटल नष्ट होऊन रंग आधीच बाहेर गेलेला असतो.

प्राणिपेशीला भित्तिकेचा आधार नसल्याने तिच्याबाबतीत द्रावणाच्या संहतीतील चूक महागात पडते. तांबड्या रक्तपेशी साध्या पाण्यात फुगून फुटतात. म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या सलाइनमध्ये मिठाचे प्रमाण 0.9 टक्के, म्हणजे रक्ताशी समपरासारी, ठेवलेले असते.

परासरणाची शेतीतील सर्वांत गंभीर बाजू कृष्णाकाठी दिसते. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांतील काळ्या, खोल जमिनींना उसासाठी वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिले गेले आणि निचरा अपुरा राहिला, त्यामुळे भूजलपातळी वर येऊन पाण्याबरोबर क्षारही वर आले. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात आणि जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. अशा क्षारपड जमिनीतील द्रावण मुळांतील पेशीरसाच्या मानाने फार सौम्य राहत नाही. त्यामुळे पाणी आत येण्याचा कल घटतो आणि ओल्या मातीत उभे असलेले पीक तहानलेले राहते. त्याला आणखी पाणी पाजल्याने, निचरा नसेल तर, दुखणे वाढते. उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारयुक्त पाणी बाहेर काढणे आणि क्षार सोसणारे वाण लावणे. सातारा जिल्ह्यातील पाडेगाव येथील मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्राने विकसित केलेला फुले 265 हा उसाचा वाण अशा जमिनींसाठी शिफारस केलेला आहे.

पटलातून होणारी सारी वाहतूक परासरणासारखी आपोआप होत नाही. सोडियम-पोटॅशियम पंप दर फेरीला एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्च करून सोडियमचे तीन आयन बाहेर आणि पोटॅशियमचे दोन आयन आत आणतो. येन्स स्कू यांनी 1957 मध्ये शोधलेला हा पंप स्वतःच एक विकर आहे, ही बाब शालेय पुस्तकांत क्वचितच सांगितली जाते. ती सांगायला हवी, कारण पटल आणि विकरे यांचा संबंध तेथे सरळ दिसतो.

विकरांबद्दलची पायाभूत माहिती थोडक्यात अशी: बहुतेक विकरे प्रथिने असतात, प्रत्येक विकर ठरावीक पदार्थावरच कार्य करते, अभिक्रियेत ते खर्च होत नाही आणि तापमान व सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचे माप) यांच्या ठरावीक मर्यादेतच ते कार्यक्षम असते. जिवंत पेशीशिवायही किण्वन होऊ शकते हे एडुआर्ट बुखनर यांनी 1897 मध्ये यीस्टच्या रसाने दाखवले. जेम्स समनर यांनी 1926 मध्ये युरिएज या विकराचे स्फटिक मिळवून विकर हे प्रथिन असल्याचे सिद्ध केले. जठरातील पेप्सिन सुमारे 2 सामूला उत्तम चालते, तर लाळेतील अमायलेज 7 च्या आसपास.

विकराचे कार्य ते कुठे ठेवले आहे यावरही अवलंबून असते, आणि ही व्यवस्था पटलांमुळे शक्य होते. लयकारिकेतील पाचक विकरे सुमारे 5 सामू असलेल्या आम्लधर्मी माध्यमात बंद असतात. कांद्यात एक विकर रिक्तिकेत आणि त्याला लागणारा गंधकयुक्त पदार्थ बाहेरच्या पेशीद्रवात असतो. लोणंदच्या बाजारात कांद्याच्या राशीशेजारी उभे राहिले तरी डोळ्यांत पाणी येत नाही, पण एक कांदा चिरला की येते, कारण सुरीने पटल फाडल्यावरच ते दोन पदार्थ एकत्र येऊन झोंबणारा वायू तयार होतो. ऊस तोडल्यावर तो लवकर गाळपाला न गेल्यास सुक्रोजचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करणारे इन्व्हर्टेज विकर कार्य करत राहते आणि साखर उतारा घटतो. सांगलीच्या हळदीचे कंद काढणीनंतर शिजवले जातात, त्यात पिष्ट शिजण्याबरोबरच कंदातील पेशी मरून विकरे निष्क्रिय होतात.

बेदाणा निर्मितीत हे सगळे एकत्र येते. द्राक्षमण्याच्या सालीवर मेणाचा थर असतो आणि तो पाणी सुटू देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएट, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतले डिपिंग ऑइल, यांच्या द्रावणात काही मिनिटे बुडवून शेडमधील जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात. मेणाची रचना बदलल्याने मणी दोन आठवड्यांच्या आसपास वाळतो आणि सुमारे 80 टक्के असलेले पाणी 15 टक्क्यांच्या घरात येते. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. पण वाळताना पटले फाटली की फिनॉलयुक्त पदार्थ आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर एकमेकांना भेटतात, हवेतील ऑक्सिजनच्या साहाय्याने तपकिरी रंगद्रव्य बनते आणि माल काळपट पडतो. गंधकाची धुरी देतात ती यासाठी: सल्फर डायऑक्साइड त्या विकराला निष्प्रभ करतो आणि बेदाण्याचा हिरवट-पिवळा रंग टिकतो. जलद वाळवण्याचाही तोच फायदा आहे, कारण पाणी कमी झाले की विकराचे कार्य मंदावते आणि साखरेचे प्रमाण इतके वाढते की त्यावर पडलेल्या बहुतेक जिवाणू व बुरशीच्या पेशींतील पाणीच परासरणाने बाहेर ओढले जाते. बेदाणा टिकतो तो मुख्यतः या गुणामुळे, आणि शीतगृहात ठेवल्यावर रंग बदलण्याचा वेगही कमी राहतो.