‘मग सोडून का नाही गेली?’ या प्रश्नाचं मेंदूतलं उत्तर

नवऱ्याने किंवा मित्राने मारहाण केल्याची बातमी आली की पाठोपाठ एक प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढा त्रास होता, तर सोडून का नाही गेली?’ ती एकदा माहेरी येऊन पुन्हा त्याच्याकडे गेलेली असेल, तर आवाज आणखी चढतो. ‘म्हणजे तिलाच तो हवा होता.’ असं म्हणणारी माणसं बहुतेक वेळा वाईट नसतात, कित्येकदा तर घरचीच असतात. जिथे दुखतं तिथून कुठलाही प्राणी आपोआप दूर पळतो, एवढं त्यांनी धरून चाललेलं असतं. शिकणं आणि सवयी यांचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र 80 वर्षांहून अधिक काळ माहीत आहे की हे अर्धंच खरं आहे.

आधी साधी कारणं. हातात पैसा नसतो, मुलं लहान असतात, माहेरचे ‘जुळवून घे, संसार मोडू नको’ म्हणून माघारी पाठवतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित किंवा कधीकाळी विवाहित असलेल्या 29 टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण 25 टक्के. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती फक्त 14 टक्के स्त्रियांनी. या कारणांवर पुष्कळ लिहिलं गेलंय आणि ती खरीच आहेत. पण पगार स्वतःचा, घर स्वतःचं, मूल नाही, अशी शिकलेली बाईही रात्री अकरा वाजता आलेल्या ‘जेवलीस का?’ एवढ्या एका मेसेजने परत का जाते, हे त्यांतून उलगडत नाही.

1939 साली लॉइड हम्फ्रीज या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने डोळ्याच्या पापणीवर एक प्रयोग केला. दिवा लागतो, लगेच डोळ्यावर हवेचा झोत येतो, पापणी मिटते. काही वेळाने नुसता दिवा लागला तरी पापणी मिटू लागते. हम्फ्रीजने एका गटाला प्रत्येक वेळी झोत दिला आणि दुसऱ्याला निम्म्याच वेळा, तोही बेभरवशाने. मग झोत कायमचा बंद केला. साध्या तर्काने पाहिलं तर ज्यांना नेहमी झोत मिळाला त्यांची सवय पक्की असायला हवी. झालं उलटं. त्यांची सवय पटकन सुटली. निम्म्या वेळा झोत मिळालेल्यांच्या पापण्या मात्र कितीतरी वेळ मिटत राहिल्या.

एसटीचं उदाहरण घ्या. तुमच्या फाट्यावर गाडी रोज आठ वाजून दहा मिनिटांनी येते आणि एक दिवस पावणेनऊपर्यंत आली नाही, तर तुम्ही ओळखता की आज फेरी रद्द, आणि वडाप पकडता. पण गाडी कधी साडेसातला, कधी दहाला अशी येत असेल, तर फेरी बंद झाली हे कळणार कसं? तुम्ही उभे राहता. कारण न येणं हा तिथल्या येण्याचाच भाग असतो.

इथे मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मानसशास्त्रज्ञ ई. जे. कॅपाल्डी यांची मांडणी, आणि तिच्यावर जरा थांबायला हवं. लांबट बोळातून उंदीर पळत जातो, शेवटी कधी खाणं असतं, कधी नसतं. कॅपाल्डींनी 1960 च्या दशकात दाखवलं की नुसतं ‘किती वेळा मिळालं’ हे पुरेसं नाही, क्रम पाहावा लागतो. रिकाम्या फेरीनंतर खाण्याची फेरी आली, तर उंदीर एक विलक्षण गोष्ट शिकतो: रिकाम्या फेरीची आठवण हीच पुढच्या खाण्याची खूण. सलग तीन रिकाम्या फेऱ्यांनंतर खाणं मिळालं, तर तीन फेऱ्यांची निराशा खूण बनते. खाणं कायमचं बंद केल्यावरही तो पळत राहतो, कारण प्रत्येक रिकामी फेरी त्याला थांबायला सांगत नाही, पुढे जायला सांगते.

आता हाच क्रम घरात पाहा. शिवीगाळ, थप्पड, दोन दिवसांचा अबोला. तिसऱ्या दिवशी तो मोगऱ्याचा गजरा घेऊन येतो, डोळ्यांत पाणी आणतो, स्वतः चहा करून देतो. वाईटानंतर चांगलं, पुन्हा वाईट, पुन्हा चांगलं. क्रम तोच, आणि जोडीला खरी भीती. या क्रमातून तिचा मेंदू जे शिकतो ते असं की अबोला म्हणजे आता गजरा जवळ आला. जी गोष्ट बाहेरच्याला ‘नीघ’ म्हणून ओरडताना दिसते, तीच तिच्यासाठी ‘जरा थांब’ झालेली असते.

मेंदूतल्या पेशींच्या पातळीवर याचा सांधा डोपामाइनशी, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोहोचवणाऱ्या एका रसायनाशी, लागतो. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना बक्षीस म्हणून फळांचा रस देत त्यांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशींची नोंद घेतली. 1997 साली पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत त्यांनी मांडलं की या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतात. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं तर त्या उसळतात, अपेक्षेइतकंच मिळालं तर गप्प, आणि अपेक्षित रस आला नाही तर नेमक्या त्या क्षणी नेहमीपेक्षाही मंदावतात. आकड्यात सांगायचं तर, चांगल्या नात्यात अपेक्षा 10, मिळालं 10, फरक शून्य. रोज प्रेमाने वागणाऱ्या नवऱ्याच्या चहाने पेशी उसळत नाहीत. अत्याचारी माणसाने अपेक्षा 1 वर आणून ठेवलेली असते. त्याच चहाची किंमत 10 धरली, तर फरक 9. शिकण्याची सूत्रं या फरकावर चालतात, चहावर नाही. 2003 मध्ये शुल्ट्झ यांच्याच गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: खूण दिसल्यापासून रस येईपर्यंतच्या वेळात या पेशींचं काम हळूहळू चढत जातं, आणि ते सर्वांत जास्त चढतं तेव्हा रस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी असते.

डोपामाइन म्हणजे सुखाचं रसायन, हा समज इथे खूप नुकसान करतो. मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांच्या प्रयोगात उंदरांमधलं डोपामाइन जवळजवळ संपवलं, तरी जिभेवर साखर ठेवल्यावर ते आनंदाने जीभ फिरवत. फक्त साखरेकडे चालत जात नसत. ओढ आणि आवड या दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. म्हणून ‘तो मला आवडत नाही, पण जीव ओढतो’ हे वाक्य खोटं नाही, वेडेपणाचंही नाही. आणि म्हणूनच ‘डोपामाइन डिटॉक्स करा, सात दिवसांत त्याला विसरा’ असं सांगणाऱ्या रील्स निव्वळ बाजार आहेत.

उंदराच्या बोळातून माणसाच्या घरात थेट उडी मारता येत नाही, हे खरं. म्हणून कॅनडातल्या डोनाल्ड डटन आणि सुझन पेंटर यांचं 1993 चं काम मोलाचं आहे. अत्याचारी जोडीदाराला नुकत्याच सोडलेल्या 75 स्त्रियांशी ते बोलले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलले. सहा महिन्यांनंतर उरलेल्या ओढीशी संबंध दिसला तो अत्याचार किती झाला याचा, तो किती अधूनमधून होत होता याचा आणि दोघांमध्ये सत्ता किती विषम होती याचा. सहा महिन्यांत ओढ कमी झाली होती, साधारण 27 टक्क्यांनी. म्हणजे ती उतरते. पण अर्ध्या वर्षानंतरही बरीच शिल्लक असते, आणि नातेवाईक तर पंधरवड्यातच विचारू लागतात, ‘अजून त्याचाच विचार?’

यात हेराफेरी शिरते ती कारण सांगण्यातून. तो म्हणतो, ‘तूच मला चिडवलंस’, ‘असं झालंच नव्हतं, तुला नीट आठवत नाही.’ मग माराचं कारण ती स्वतःच्याच वागण्यात शोधू लागते. 1948 साली बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे दिले, कबुतर काहीही करो. तरी बहुतेक कबुतरं गोल फिरणं, मान झुलवणं असं काहीतरी पुन्हा पुन्हा करू लागली, जणू त्यानेच दाणे येतात. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे वाद झाले, पण अत्याचारी घरातली बाई मला नेमकी तशीच अडकलेली दिसते. भांड्याचा आवाज करायचा नाही, फोन उपडा ठेवायचा नाही, साडेआठला ताट वाढलेलं हवं. हे सगळं सांभाळलं की आज मार बसणार नाही, असं तिला वाटतं. त्याचा मार तिच्या वागण्यावर अवलंबून नसतोच. याच फटीत वशीकरणवाले घुसतात. मुंबईच्या लोकलमध्ये ‘पती-पत्नी कलह, चोवीस तासांत समाधान’ अशी पत्रकं चिकटलेली असतात. ताईत बांधल्यावर चार दिवस तो चांगला वागला, तर श्रेय ताइताला जातं. ते चार दिवस तसेही यायचेच होते. पत्रिकेची शांत करून घ्यायला सांगणारे गुरुजीही याच चार दिवसांवर जगतात. त्या बाईचे पैसे आणि महिने दोन्ही जातात, आणि हे मला अक्षम्य वाटतं.

सोडल्यानंतरचे दिवसही याच नियमांनी कळतात. कळ (बटण) दाबली की खाणं मिळतं हे शिकलेला उंदीर बक्षीस बंद झालं की कळ दाबणं लगेच कमी करत नाही, आधी जोरजोरात दाबतो. पहिल्या आठवड्यांत ओढ वाढल्यासारखी वाटते ती यामुळे, निर्णय चुकला म्हणून नव्हे. आणि विझलेली सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवं शिकणं बसतं. ते जागेला बांधलेलं असतं. जुनी गल्ली, जुना सण समोर आला की जुनंच वर येतं. कळ दाबणारा तो अत्याचारी माणूसही असतो. पन्नास फोन न उचलता एक्कावन्नावा उचलला, तर त्याला कळतं की भाव एक्कावन्न आहे. म्हणून फोन उचलायचे नसतील तर एकही नको, आणि मुलांसाठी बोलावंच लागत असेल तर ते तिसऱ्या माणसामार्फत किंवा लेखी.

मात्र ‘आत्ताच्या आत्ता नीघ’ हा सल्ला सरसकट देऊ नये. अमेरिकेतल्या 11 शहरांतला जॅकलिन कॅम्पबेल यांचा 2003 चा अभ्यास सांगतो की अतिशय ताबा ठेवणाऱ्या जोडीदारापासून वेगळं होताना खुनाचा धोका सुमारे नऊ पट होता. त्याने कधी गळा दाबला असेल, तर तो फार मोठा धोक्याचा इशारा समजावा. म्हणून निघणं आखून हवं, आणि त्याला कळू न देता. आधार, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासातल्या एखाद्या काकू किंवा मैत्रिणीकडे आधीच ठेवाव्यात. फोनचं लोकेशन कुणाला दिसतं ते तपासावं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीइतकाच शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही येतो. लग्नासारखं नातं असेल तर लग्न झालेलं नसलं तरी तो लागू होतो. घर बाईच्या नावावर नसलं तरी कलम 17 तिला सामायिक घरात राहण्याचा हक्क देतं. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो, जीवावर बेतलं तर 112 या आपत्कालीन क्रमांकावर. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू झालं, ते याच विचाराने की बाई पोलिसांकडे जायच्या कितीतरी आधी जखम घेऊन डॉक्टरकडे येते. आणि ती एकदा परत गेली तरी पुढच्या वेळी तिच्यासाठी कागदपत्रांची पिशवी आणि झोपायची जागा तयार ठेवा.