माहिती साक्षरता विद्यापीठात आली कशी?

‘माहिती साक्षरता’, म्हणजे हवी ती माहिती शोधण्याची, पारखण्याची आणि वापरण्याची क्षमता, हा शब्दप्रयोग १९७४ मध्ये पॉल झुरकोव्स्की यांनी रूढ केला. ते अमेरिकेतल्या माहिती उद्योगाच्या संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांच्या डोळ्यांसमोर होता नोकरी-व्यवसायातला माणूस, विद्यार्थी नव्हे.

विद्यार्थ्यांसाठीचं खरं काम त्याआधीच सुरू झालं होतं, आणि ते ग्रंथपालांनी केलं. १९६० नंतर डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठातल्या माँटीथ कॉलेजात पॅट्रिशिया नॅप यांनी एक प्रयोग हाती घेतला. नव्या मुलांना पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांची कपाटं दाखवून आणायची आणि सोडून द्यायचं, ही पद्धत त्यांना पटत नव्हती. त्यांनी ग्रंथालयातली शोधाशोध थेट विषयाच्या स्वाध्यायांत गुंफली. प्रश्न समाजशास्त्राचा असेल, तर समाजशास्त्रातलं ज्ञान कसं साठवलं जातं, त्यापर्यंत कोणत्या वाटांनी पोहोचायचं, हे त्या प्रश्नासोबतच शिकायचं. प्राध्यापकांची साथ पुरेशी मिळाली नाही आणि प्रयोग रुजला नाही. इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात मात्र इव्हान फार्बर यांनी हेच तत्त्व १९६० च्या दशकापासून सुमारे तीन दशकं चालवून दाखवलं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

पुढे १९८९ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या समितीचा माहिती साक्षरतेवरचा अहवाल आला, २००० मध्ये उच्च शिक्षणासाठी तिची पाच मानकं ठरली, आणि २०१६ मध्ये ती मागे घेऊन सहा संकल्पनांची चौकट स्वीकारली गेली.

नव्या वाचकाला ग्रंथालयाची ओळख करून देणं हे संदर्भसेवेचंच, म्हणजे वाचकाला माहिती शोधायला मदत करण्याचंच काम आहे, असं आपल्याकडे ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनी फार पूर्वी मांडलं होतं. विद्यापीठांवर हे शिकवण्याची सक्ती आली ती मात्र वाङ्मयचौर्याच्या धाकातून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दुसऱ्याच्या मजकुराशी दहा टक्क्यांपलीकडच्या साम्यासाठी टप्प्याटप्प्याने शिक्षा ठरवली. मग २०१९ च्या अखेरीस संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम पीएचडीला बंधनकारक झाला. खुलं (कुणालाही मोफत वाचता येणारं) प्रकाशन, प्रकाशनातले गैरप्रकार, डेटाबेसमधला शोध असं बरंच काही त्यात आहे. विषय योग्य, पण तो पोहोचतो फार उशिरा, तोवर पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळून पाच वर्षं गेलेली असतात. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या वाट्याला अजूनही बहुतेक ठिकाणी जूनमधली ग्रंथालयाची एक फेरीच येते, म्हणजे नॅप यांनी साठ वर्षांपूर्वी अपुरी ठरवलेली तीच पद्धत.