एका बोंडातल्या 23 बिया

बटाट्याचं फळ बघितलंय का कधी? आपण खातो तो बटाटा म्हणजे जमिनीखालचं खोड, फळ लागतं वर झाडाला, हिरवं, छोट्या टोमॅटोएवढं (विषारी असतं, खायचं नाही). शेतकऱ्याला त्याची गरज पडत नाही कारण बटाट्याचे डोळे असलेले तुकडे लावले की काम होतं, पण त्यातून येतो तो जुन्या बटाट्याची झेरॉक्स. नवीन काही हवं असेल तर बीच हवं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ल्यूथर बरबँक (जन्म 1849) नावाच्या तरुण माळ्याला हे कळलं होतं. त्याच्या शेतात 'अर्ली रोज' जातीच्या एका झाडाला असं एक बोंड धरलं, आणि ही जात सहसा फळ धरतच नाही! रोज जाऊन बघायचा, तर एक दिवस बोंड गायब. पठ्ठ्याने कित्येक दिवस जमीन धुंडाळली तेव्हा थोड्या अंतरावर पडलेलं सापडलं. आत 23 बिया, 23 रोपं, प्रत्येक वेगळं. त्यातलं सगळ्यात भारी वाण त्याने 150 डॉलरला विकलं आणि 1875 मध्ये कॅलिफोर्नियात सांता रोझाला गेला. त्याच वाणात पुढे आपोआप बदल होऊन खरबरीत सालीचा 'रसेट बरबँक' आला, अमेरिकेतले फ्रेंच फ्राईज बघाल तर भरपूर याचेच.

1881 मध्ये एकाने एका सीझनमध्ये 20,000 प्रून म्हणजे आलुबुखाराची कलमं मागितली. बरबँकने बदाम पेरले कारण ते पटकन उगवतात, जून-जुलैत त्या खुंटांवर (म्हणजे खालच्या बदामाच्या रोपांवर) प्रूनचे डोळे भरले, म्हणजे सालीत चीर देऊन प्रूनची कळी बसवली, आणि डोळा धरल्यावर बदामाचा शेंडा छाटला नाही तर नुसता मोडून वाकवला, म्हणजे पानं अन्न देत राहतात आणि जोर डोळ्याकडे जातो. बहुतेक सगळी कलमं वेळेत तयार!

हजारो रोपांतून एखादं ठेवायचं, बाकीची जाळायची अशी त्याची पद्धत, त्यातून 800 च्या वर वाणं झाली. पण नोंदी धड ठेवल्या नाहीत, म्हणून कार्नेगी या विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थेची वर्षाला 10,000 डॉलरची मदत काही वर्षांत थांबली. मला याचं फार वाईट वाटतं, कारण कुठलं रोप का निवडलं हे बरंचसं 1926 मध्ये त्याच्याबरोबरच गेलं.

त्याचा 1906 चा 'सांता रोझा' प्लम हिमाचलमध्येही पिकतो. उन्हाळ्यात हातगाडीवर दिसला तर चावून बघा, सालीजवळ आंबट आणि आत एकदम गोड.