विचारांचा रवंथ (विद्यार्थिदशेतील नैराश्य व निद्रानाश)

घडून गेलेली चूक, अपमान किंवा अपयश आणि त्यातून आलेली उदासी यांभोवतीच मन पुन्हा पुन्हा घोटाळत राहण्याच्या सवयीला मानसशास्त्रात विचारांचा रवंथ म्हणतात. गाईच्या रवंथाने चारा पचतो. मनाच्या या रवंथाने प्रश्न सुटत नाही, मात्र करणाऱ्याला आपण त्यावर विचारच करतो आहोत असे वाटत राहते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सुझन नोलन-होक्सेमा यांनी या सवयीचा नैराश्याशी असलेला संबंध दाखवून दिला. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियात लोमा प्रिएटा भूकंप झाला, त्याच्या थोडे आधी त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि उदास वाटल्यावर ते काय करतात, हे नोंदवून ठेवले होते. भूकंपानंतर १० दिवसांनी आणि पुन्हा ७ आठवड्यांनी पाहिले, तेव्हा आधीपासून रवंथाकडे कल असलेल्यांत नैराश्याची लक्षणे अधिक आढळली.

या सवयीला रात्र फार सोयीची असते. तोंडी परीक्षेत अडखळलेले एखादे उत्तर दिवसभर तासांत आणि मेसच्या गप्पांत दबून राहते आणि खोलीतला दिवा मालवताच वर येते. मग घड्याळाकडे नजर जाते, ‘आता चारच तास उरले’ असा हिशेब सुरू होतो आणि त्या हिशेबानेच उरलीसुरली झोप उडते. सकाळचे प्रॅक्टिकल बुडते आणि पुढच्या रात्रीला नवा विषय मिळतो. या वयात शरीराचे घड्याळच उशिराकडे सरकलेले असते, हे न जाणता अशा मुलांना आळशी ठरवणे अन्यायाचे आहे.

निद्रानाश हे नैराश्याचे केवळ लक्षण नाही. नैराश्य नसलेल्या, पण झोप न येणाऱ्या व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याचा धोका सुमारे दुप्पट असल्याचे २०११ मधील, अनेक अभ्यासांच्या एका एकत्रित विश्लेषणात दिसले. म्हणून झोपेवर वेगळा उपचार करावा लागतो. ब्रिटनमधील २६ विद्यापीठांतील ३,७५५ विद्यार्थ्यांवरील प्रयोगात (२०१७) निद्रानाशावरील ऑनलाइन बोधात्मक वर्तनोपचाराने (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या मानसोपचाराने) झोप सुधारली, तसेच नैराश्याची लक्षणेही कमी झाली. उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि झोप येत नसेल तर अंथरुणातून उठून जाणे, हे या उपचारातील महत्त्वाचे नियम होत. वसतिगृहात पलंग हीच अभ्यासाची, जेवणाची आणि फोनवर बोलण्याची जागा असते, त्यामुळे दुसरा नियम तिथे पाळणे खरोखर अवघड जाते.

उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तज्ज्ञांची मदत तातडीने घ्यावी. भारत सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते.