कौटुंबिक दाव्यांतील न्यायालय-अवमान व त्यावरील बचाव

पोटगी, मुलांचा ताबा, भेटीच्या वेळा, राहते घर किंवा संमतीच्या घटस्फोटातील अटी यांबाबतचा न्यायालयीन आदेश मोडल्याचा आरोप आल्यावर सामनेवाल्याला घेता येणारे बचाव. भारतात न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ अवमानाचे दिवाणी आणि फौजदारी असे दोन प्रकार मानतो. घरगुती वादांत बहुतेक वेळा पहिलाच प्रकार येतो. आदेशाची किंवा हुकूमनाम्याची हेतुपुरस्सर अवज्ञा, अथवा न्यायालयाला दिलेल्या हमीचा हेतुपुरस्सर भंग, अशी त्याची कलम २ मधील व्याख्या आहे. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द दोन्ही अंगांना लागू असून बचावाचा सारा भार त्याच्यावर उभा आहे.

अवमानाची शिक्षा देण्याच्या अधिकाराच्या उगमाविषयी एकमत नाही. अवमानाला ज्यूरीशिवाय, तडकाफडकी शिक्षा देण्याचा न्यायालयाचा अधिकार अनादि वहिवाटीचा आहे, असे इंग्लंडचे न्यायमूर्ती विल्मट यांनी १७६५ मध्ये लिहून ठेवले. ते निकालपत्र न्यायालयात कधी वाचलेच गेले नाही. ते छापले गेले १८०२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. तरीही पुढची शंभर वर्षे त्याचा आधार घेतला गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी जॉन चार्ल्स फॉक्स यांनी जुने दप्तर तपासून या वहिवाटीच्या दाव्याला आव्हान दिले आणि आज अभ्यासकांचा कल सामान्यतः फॉक्स यांच्याकडे दिसतो. मात्र हा वाद मुख्यतः न्यायालयाबाहेरच्या लेखनाने होणाऱ्या अवमानाचा आहे. आदेशभंगाची परंपरा वेगळी असून तिचे मूळ एरवी चॅन्सरी न्यायालयात, म्हणजे इंग्लंडच्या जुन्या न्यायनीती (इक्विटी) न्यायालयात, शोधले जाते. विवाहविषयक आदेशांपुरते पाहिल्यास धर्मन्यायालये अधिक जवळची वाटतात. इंग्लंडमध्ये १८५७ चा कायदा होईपर्यंत विवाहाचे तंटे त्यांच्याकडेच होते. त्यांना स्वतः कैद देता येत नसे. आज्ञा न मानणाऱ्याला ती बहिष्कृत करीत आणि मग चॅन्सरीच्या आज्ञापत्रावरून त्याला पकडले जाई. १८१३ मध्ये बहिष्काराऐवजी ‘आज्ञाभंगी’ ठरवून पकडण्याची तरतूद आली. आदेश पाळेपर्यंत कोंडून ठेवायचे, ही दिवाणी अवमानामागची कल्पना त्यातून सरळ उतरलेली दिसते.

मराठी वाचकाला या इतिहासाचा सर्वांत परिचित तुकडा म्हणजे रखमाबाईंचा खटला. त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दांपत्य हक्कांच्या पुनःस्थापनेचा, म्हणजे पत्नीने नांदायला यावे असा, दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तो फेटाळला, अपिलात तो परत सुनावणीस आला आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर कैद सोसा, असा हुकूम दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाल्याने ती वेळ आली नाही. काटेकोर बोलायचे तर ही कैद अवमानाची नसून हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची होती. पण सोसणाऱ्याला तो फरक जाणवत नाही. इंग्लंडने अशी कैद वेल्डन दांपत्याच्या प्रकरणानंतर १८८४ मध्येच, म्हणजे रखमाबाईंवर दावा लागला त्याच वर्षी, रद्द केली होती. भारतातील दिवाणी प्रक्रिया संहितेतून ती जायला १९२३ उजाडले. या खटल्याकडे बहुधा सुधारणेच्या चळवळीचा भाग म्हणून पाहिले जाते. घरगुती आदेशामागे तुरुंग उभा करण्याच्या मर्यादा त्याने दाखवून दिल्या, या दृष्टीने त्याचा विचार फार कमी झाला आहे, आणि तो व्हायला हवा.

अधिकारक्षेत्र आणि मुदत. कौटुंबिक न्यायालय हे दुय्यम न्यायालय असल्याने त्याच्या अवमानाची शिक्षा अवमान अधिनियमाच्या कलम १० नुसार उच्च न्यायालय देते. कौटुंबिक न्यायालयाला स्वतःला दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची कारवाई), जप्ती आणि मनाई हुकूम मोडल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम २-अ खाली तीन महिन्यांपर्यंतची दिवाणी कैद, एवढे मार्ग आहेत. म्हणून पहिला बचाव बहुधा असा असतो: वसुलीसाठी दरखास्तीचा रस्ता मोकळा असताना अवमान याचिका कशाला? अवमान हा अंमलबजावणीचा पर्याय नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने कपिलदेव प्रसाद साह (१९९९) या निकालात सांगितले आहे. पोटगीत मात्र हा बचाव पूर्वीइतका पक्का राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पोटगीविषयीच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात हेतुपुरस्सर अवज्ञेबद्दल अवमानाची कारवाई करता येईल, असे म्हटले आहे. दुसरा प्रश्न मुदतीचा. अवमान अधिनियमाच्या कलम २० नुसार कथित अवमानापासून एक वर्षाच्या आत कारवाई सुरू व्हावी लागते. एका वर्षात अर्ज दाखल झाला तर मुदत पाळली गेली, असे पल्लव शेठ प्रकरणात (२००१) ठरले.

आदेशाची भाषा. आदेशाचे दोन अर्थ निघत असतील आणि सामनेवाल्याने त्यांपैकी एक प्रामाणिकपणे धरला असेल, तर अवमान होत नाही. भेटीच्या आदेशांत हा मुद्दा फार बारीक होतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये एका बापाची शिक्षा याच कारणाने तपासली. मुलाला भेटू द्यावे, त्याला उपलब्ध ठेवावे, असा आदेश होता. मुलगा जायला तयार नव्हता. खालच्या न्यायालयाने भेट घडवून आणण्याची जबाबदारीच बापावर असल्यासारखे धरले. अपिलात न्यायमूर्ती मन्बी यांनी ‘भेटू देणे’, ‘उपलब्ध ठेवणे’ आणि ‘भेट होईल याची खात्री करणे’ ही तीन वेगवेगळी बंधने असल्याचे दाखवले आणि जे बंधन आदेशात लिहिलेलेच नाही त्याच्या भंगाबद्दल शिक्षा होऊ शकत नाही, असे म्हटले. भारतातही मसुदा करणाऱ्या वकिलाने हा फरक ध्यानात ठेवण्याजोगा आहे. मूल रडते, दाराशी पाय रोवते, तेव्हा आई किंवा बाप काय करीत होता हे पुराव्याने सांगावे लागते; नुसते ‘मूल येत नाही’ हे उत्तर बहुधा टिकत नाही.

असमर्थता. पोटगीच्या प्रकरणांचा हा गाभा. राम किशन वि. तरुण बजाज (२०१४) या निकालानुसार ‘हेतुपुरस्सर’ या शब्दातून अनवधान, अपघात, प्रामाणिक चूक आणि खरीखुरी असमर्थता वगळली जाते. असमर्थता ही तारखेगणिक सिद्ध करायची गोष्ट आहे. नोकरी मार्चमध्ये गेली असेल तर जानेवारी-फेब्रुवारीच्या थकबाकीला ते कारण पुरत नाही. प्रतिज्ञापत्रात प्रत्येक हप्त्याच्या महिन्यासमोर त्या महिन्याची जमा, खर्च आणि दिलेली रक्कम लिहून बँकेचा उतारा जोडलेला असेल, तर न्यायाधीशाला निष्कर्ष काढता येतो. थोडी का होईना रक्कम नियमित भरलेली असणे आणि परिस्थिती बदलताच पोटगी कमी करण्याचा अर्ज (आता भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४६) केलेला असणे, या दोन गोष्टी हेतूविषयी बरेच काही सांगून जातात. ज्याच्याकडे खरोखर पैसे नाहीत त्याला तुरुंगात टाकून लेकरांच्या ताटात काही पडत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे: उत्पन्न लपवून असमर्थतेचे सोंग घेणाऱ्यामुळे दुसऱ्याच्या खऱ्या अडचणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अपत्यपोषणाच्या एका प्रकरणात, पैसे भरण्याची ऐपत हाच निर्णायक मुद्दा असल्याची सूचना, उत्पन्नाची माहिती घेणारा नमुना, उत्तर देण्याची संधी आणि ऐपतीविषयी न्यायालयाचा स्पष्ट निष्कर्ष, अशा संरक्षणांची अपेक्षा व्यक्त केली.

वसुलीची कैद याहून निराळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५) खाली पुरेशा कारणाशिवाय न भरलेल्या प्रत्येक महिन्याच्या पोटगीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. ती भोगल्याने थकबाकी फिटत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ठरवले.

हमीचा भंग. संमतीच्या घटस्फोटाच्या दोन टप्प्यांपैकी पहिला अर्ज झाल्यावर एका पक्षाने माघार घेतल्यास काय, हा वादग्रस्त प्रश्न आहे. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१८ मध्ये असे उत्तर दिले की न्यायालयाला दिलेली हमी मोडल्याबद्दल अवमान होऊ शकतो. घटस्फोटाला संमती देण्याची सक्ती मात्र करता येत नाही. पक्षांनी आपसात केलेला करार आणि न्यायालयाला दिलेली हमी यांतला फरक येथे निर्णायक ठरतो.

माफी, शिक्षा आणि अपील. कमाल शिक्षा सहा महिन्यांची साधी कैद, दोन हजार रुपये दंड किंवा दोन्ही. दिवाणी अवमानात दंडाने भागत नसेल तरच दिवाणी कैद. माफी सशर्त आहे एवढ्यावरून नाकारता येत नाही, ती प्रामाणिक असली पाहिजे. पण कृत्याचे समर्थन आणि त्याचीच माफी एकत्र नांदत नाहीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच घेतली. केवळ अपील दाखल केले हा बचाव नाही. स्थगिती मिळेपर्यंत आदेश पाळावा लागतो. शिक्षेविरुद्ध अवमान अधिनियमाच्या कलम १९ खाली हक्काने अपील आहे: उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडे ३० दिवसांत, सर्वोच्च न्यायालयाकडे ६० दिवसांत. अपील प्रलंबित असताना शिक्षा स्थगित करण्याचा आणि जामिनाचा आदेश मागता येतो.