पी-१६ पॉझिटिव्ह, म्हणून रेडिएशन लागू पडणारच?

घशाच्या कॅन्सरचा रिपोर्ट येतो, त्यात ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ दिसतं आणि कुणीतरी छातीठोकपणे सांगतं, “चला, म्हणजे रेडिएशन छान लागू पडणार!” रोगाचं भाकीत आणि उपचाराचं भाकीत, म्हणजेच प्रॉग्नॉस्टिक आणि प्रेडिक्टिव्ह मार्कर (खुणा), यांची ही खिचडी वाचून आता कंटाळा आलाय.

पी-१६ हे पेशीतलं प्रथिन म्हणजे एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या गाठीची खूण, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. हे गणित टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचं आहे. तंबाखू-मिश्रीने गालाला होणाऱ्या, आपल्याकडच्या नेहमीच्या कॅन्सरला ते लावूच नका.

प्रॉग्नॉस्टिक मार्कर सांगतो, रोग मुळात किती वाईट. प्रेडिक्टिव्ह मार्कर सांगतो, अमुक उपचाराने नेमका कुणाला जास्त फायदा. काळ्या रानात कपाशी तरारली म्हणून खत लागू पडलं असं शेतकरी म्हणत नाही. ती जमीनच कसदार. खताचा गुण कळायला बिनखताचा पट्टा शेजारी लागतो, आणि काळ्या रानाला खत जास्त मानवतं हे ठरवायला तसेच दोन पट्टे मुरमाड रानातही लागतात. चार पट्टे. बहुतेक अभ्यासांत असतात दोनच.

अमेरिकेतल्या आरटीओजी ०१२९ चाचणीचंच घ्या. २०१० मध्ये छापलेल्या विश्लेषणात तीन वर्षांनी एचपीव्हीवाले ८२.४ टक्के रुग्ण हयात होते, बिनएचपीव्हीवाले ५७.१ टक्के. फरक प्रचंड आहे, पण रेडिएशन आणि सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध तिथे सगळ्यांनाच मिळालं होतं! बिनखताचा पट्टा कुठाय? एचपीव्हीवाले नुसत्या शस्त्रक्रियेनंतरही इतरांपेक्षा बरे राहतात. प्रयोगशाळेत या पेशींना किरणांनी तुटलेला डीएनए नीट सांधता येत नाही असं दिसतं, हे मान्य. पण जगण्याच्या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही.

‘रोग गरीब आहे, उपचार सौम्य करू’ हा मोहही यातलाच. आरटीओजी १०१६ मध्ये एचपीव्हीवाल्यांना रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य ठरेल असं वाटलेलं औषध देऊन पाहिलं. पाच वर्षांनी हयात राहिले ७७.९ टक्के, सिस्प्लॅटिनवाले ८४.६.

‘रेडिएशनला सेन्सिटिव्ह’ या शब्दांचा घोळ त्यामानाने किरकोळ. तुटलेला डीएनए सांधायला लागणाऱ्या एटीएम जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की निरोगी पेशींनाही किरण सोसत नाहीत. तो दुष्परिणामांचा इशारा आहे. गाठ विरघळेल याची हमी नव्हे.

खरा प्रेडिक्टिव्ह पुरावा कसा दिसतो ते पाहायचं तर डेन्मार्कची डहांका ५ चाचणी बघा. प्राणवायू कमी पडलेल्या गाठीवर किरणांचा असर वाढवायला काहींना निमोराझोल दिलं, काहींना नुसती प्लासिबो गोळी. मागाहून नमुने तपासले, तर फायदा पी-१६ निगेटिव्ह गाठींनाच झालेला. पॉझिटिव्हना औषध देऊन न देऊन सारखंच. चारही पट्टे हजर! पण नीट बघा, तिथेही भाकीत झालं ते निमोराझोलचं. रेडिएशन याही चाचणीत सगळ्यांनाच मिळालं होतं.